अडुळशाची फांदी फुटते आणि महिन्याभरात मरते, दरवर्षी तेच! शेवटी कारण सापडलं

ज्यांच्याकडे अडुळशाची फांदी कुंडीत जगत नाही त्यांच्यासाठी लिहितेय, कारण माझ्याकडे लागोपाठ तीन पावसाळे सेम टू सेम हेच झालं. गावाहून फांद्या आणायच्या, कुंडीत खोचायच्या, दहा-बारा दिवसांत पेरापेराला हिरवे कोंब, घरात सगळ्यांना आनंद, आईला फोन करून सांगायचं की लागला गं अडुळसा, आणि मग साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस सकाळी बघावं तर पानं मलूल, दुसऱ्या दिवशी लोंबलेली, आठवड्याभरात फांदी काळी. पहिल्या वर्षी वाटलं पाणी कमी पडलं, दुसऱ्या वर्षी वाटलं पाणी जास्त झालं, तिसऱ्या वर्षी काय वाटून घ्यावं तेच कळेना.

आधी परिस्थिती सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला, ग्रिल आहे, पावसाची झड थेट कुंड्यांवर येते आणि मे महिन्यात दुपारी तीननंतर ऊन अक्षरशः भाजून काढतं. अडुळसा हवा होता तो आईसाठी, तिला थंडी सुरू झाली की छातीत कफ धरतो आणि रात्रभर खोकते. लहानपणी आजोळी, गुहागरकडे, आजी याच पानांचा रस मधातून द्यायची. म्हणजे झाड हौस म्हणून नाही, वापरायचंय म्हणून हवं होतं, म्हणून दर वेळी मेलं की जास्त वाईट वाटायचं.

बरं, काय काय करून बघितलं तेही सांगते. रूटिंग पावडर लावली. कोरफडीच्या गरात बुडवून लावली. दालचिनीची पूड लावली. नर्सरीची लाल माती, शेणखत अर्धं अर्धं, वरून गांडूळखत, सगळं प्रेमाने केलं. यातल्या पावडरी आणि गर यांनी काही बिघडत नाही, पण माझा प्रॉब्लेम तो नव्हताच, आणि ते शेणखत तर उलट प्रॉब्लेमचा भाग होतं हे नंतर कळलं.

उलगडा झाला तो गावाला. मामाच्या वाडीला जांभ्या दगडाचा गडगा आहे, आणि त्या गडग्याच्या कडेने, काही ठिकाणी तर दगडांच्या फटीतून, अडुळसा माणसाच्या उंचीच्या वर वाढलाय. गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात, हे बऱ्याच जणांना माहीत असेल, शास्त्रीय नावातला अधाटोडा हा शब्दसुद्धा शेळी ज्याला तोंड लावत नाही अशा अर्थाच्या तमिळ शब्दावरून आलाय. तर मी मामाला म्हटलं, इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तुम्ही मृगात फांदी तोडून नुसती खोचता, कोणी खत घालत नाही, बघायलाही जात नाही, मग ही जगते कशी आणि माझीच का मरते? मामा म्हणाला, "अगो, पाऊस पडतो हजार वेळा, पण राहतो कुठे इथे? दगडातून निघून जातो. तुझ्या कुंडीत तो राहतो." मग त्याने त्या वर्षीची एक खोचलेली फांदी माझ्यासमोर उपटून दाखवली. वर तीन बोटं लांब कोंब होते, पानं उलगडलेली, आणि खाली मुळं शून्य. नुसती पांढरट गाठ. म्हणाला ही अजून फसवतेय, हिला आता ऊन लागलं तर गेली, पण पाऊस आणि ढग आहेत म्हणून तग धरेल आणि मूळ सोडेल.

तिथे माझी ट्यूब पेटली. कोंब आला म्हणजे मूळ आलं असं नाही. फांदीच्या आत अन्न साठवलेलं असतं, त्याच्या जोरावर पेरातले डोळे फुटतात, ते मुळांसाठी थांबत नाहीत. मग ती नवी पानं पाणी उडवायला लागतात, खालून पाणी ओढायला मूळ नाही, साठा संपला की झाड कोसळतं. तो साठा साधारण तीन-चार आठवडे पुरतो, म्हणून माझं दर वर्षी नेमकं तेव्हाच व्हायचं. आणि मी काय करायचे, तर कोंब दिसले की खूश होऊन कुंडी सावलीतून उन्हात न्यायची आणि पाणी वाढवायची. म्हणजे ज्या दिवसांत त्याला सगळ्यात जास्त जपायला हवं होतं त्याच दिवसांत मी त्याला उघड्यावर टाकत होते.

आता तुमची फांदी मेली असेल तर फेकू नका, आधी उपटून तिचं खालचं टोक बघा, कारण सगळी मरणं सारखी नसतात. टोक काळं, मऊ, सालीला बोट लावलं की साल सुटते आणि कुजका वास येतो, तर ते सडणं, म्हणजे माती पाणी धरतेय किंवा खत कच्चं आहे. टोक घट्ट आहे, हिरवं-पांढरं आहे, गाठ आलीय पण मुळं नाहीत आणि वर पानं लोंबलीत, तर ते मी वर सांगितलं ते, कोंब आधी आणि मूळ मागे. आणि वरच्या बाजूने सुरकुतत खाली आलंय, टोक कोरडं काडीसारखं, तर फांदी लावायच्या आधीच सुकली होती किंवा खूप कोवळी होती. माझ्याकडे पहिल्या दोन वर्षी पहिला आणि दुसरा प्रकार एकत्र होता, म्हणून मी पाणी कमी-जास्त करून काहीच फरक पडत नव्हता.

मग चौथ्या वर्षी जे केलं आणि जे जमलं ते असं. फांदी निवडताना शेंड्याची हिरवीगार लुसलुशीत नको आणि बुंध्याची जुनी लाकूड झालेलीही नको, मधली, पेन्सिलीएवढी जाड, साल हिरवट-तपकिरी व्हायला लागलेली. लांबी एक वीत, चार पेरं पुरे. मी आधी हातभर लांब फांद्या लावायचे, वाटायचं मोठी लावली की मोठं झाड लवकर मिळेल, पण जितकी लांब तितके डोळे जास्त, तितकी पानं जास्त आणि तितकं पाणी जास्त उडतं. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप सरळ, यामुळे उलटं खोचलं जात नाही, हे हसण्यासारखं वाटेल पण पानं काढलेली काडी हातात घेतल्यावर खरंच कळत नाही वर कुठलं आणि खाली कुठलं. दोन पेरं मातीत, दोन वर. सगळी पानं काढायची, फक्त सगळ्यात वरची जोडी ठेवायची आणि तीही कात्रीने अर्धी कापायची. फुलांचे तुरे असतील (थंडीत असतातच) तर खुडून टाकायचे, नाहीतर सगळी ताकद तिकडे जाते.

माती म्हणजे इथे खरं तर माती नकोच जवळजवळ. मी तीन भाग जाडसर धुतलेली वाळू आणि एक भाग बागेची माती घेतली, खत शून्य. बांधकामाची वाळू चालते पण दोन-तीन पाण्यांनी धुवा, आणि समुद्राची वाळू घेऊ नका, तिच्यात मीठ असतं. कुंडीच्या ऐवजी मी एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या अर्ध्या कापल्या, बुडाला सहा-सात भोकं, बाहेरून काळा कागद रबरबँडने गुंडाळला. ही आयडिया मला सगळ्यात उपयोगी पडली, कारण कागद काढला की मुळं दिसतात का ते बघता येतं, उपटून बघावं लागत नाही. पहिल्या तीन वर्षांत मी किती फांद्या नुसत्या उपटून बघून मारल्या असतील, कारण ओढताना ती नुकती फुटलेली कोवळी मुळं तुटतात.

वरून एक पातळ प्लास्टिकची पिशवी, चार भोकं पाडलेली, दोन दिवसांआड पाच मिनिटं काढून हवा द्यायची. जागा उजेडाची पण ऊन नाही, माझ्याकडे ती किचनच्या खिडकीखाली मिळाली. पाणी एकदाच नीट, मग वरचा थर बोटाला कोरडा लागला तरच. कोंब बाराव्या दिवशी आले, तेव्हा आईने विचारलं उन्हात ठेवू का, मी म्हटलं अजिबात हात लावू नकोस. पहिलं पांढरं मूळ मला दिसलं ते पस्तिसाव्या दिवशी, म्हणजे कोंब आल्यावर तीन आठवड्यांहून जास्त! सहा फांद्यांपैकी चार जगल्या. मुळं बाटलीच्या कडेला दोन-तीन इंच फिरली की मगच कुंडीत हलवल्या, आणि पिशवी एकदम न काढता आठवडाभर रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवत काढली.

वेळ कुठली, हा प्रश्न सगळे विचारतात. गडग्यावर मृग-आर्द्राच बरोबर आहे, पण बाल्कनीत माझा अनुभव फेब्रुवारी-मार्चचा चांगला आहे, सडण्याचा धोका कमी आणि पाणी आपल्या हातात राहतं. पाऊस सुरू होईपर्यंत झाड मुळावर उभं असतं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते कारण दोघींच्या बाबतीत हे झालंय. तुमचा अडुळसा जर कुठेही खोचा आणि लागतोच असा असेल, पानं अरुंद, बोटभर रुंदीचीही नाहीत, आणि खोड जांभळट-काळपट, तर तो बहुतेक काळा अडुळसा आहे, तो वेगळा. त्याचीही कुंपणं करतात आणि नर्सरीत कधी कधी नुसतं अडुळसा म्हणूनच देतात. आपल्याला हवा तो पांढऱ्या फुलांचा, पानं समोरासमोर, वीतभर लांब, दोन्हीकडे निमुळती, फूल पांढरं आणि त्याच्या खालच्या ओठावर गुलाबी-जांभळ्या रेघा, बाजूने बघितलं तर सिंहाने जबडा उघडल्यासारखं, म्हणून संस्कृतात सिंहास्य म्हणतात. वासा, वासक हीपण याचीच नावं. पान चुरगळलं की एक उग्र वास येतो, आणि सुकवलेल्या पानाचा वास चहापत्तीसारखा. खात्री नसेल तर फूल येईपर्यंत थांबा, पोटात जाणाऱ्या गोष्टीत अंदाज नको.

कुंडीत लागल्यावरचे प्रॉब्लेम त्या मानाने कमी. पावसाळ्यात खालची पानं पिवळी पडून गळतात, त्याचं कारण माझ्याकडे कुंडीखालची ताटली होती, जुलैत ती कायम भरलेली. ताटली काढली, कुंडी दोन विटांवर चढवली, थांबलं. एकदा ताटली नसूनही झालं तेव्हा मुळांनीच भोक बंद केलेलं होतं, सळईने मोकळं केलं. मे महिन्यात पानांच्या कडा करपतात, त्यावर दुपारचं ऊन अडवायला जुनी ओढणी ग्रिलला बांधते, बास. कुंडी किमान बारा इंची हवी, हे झुडूप आहे, दीड-दोन मीटर सहज होतं, आठ इंचीत ते उंच काठीसारखं होऊन शेंड्यालाच पानं ठेवतं. तसं झालं असेल तर गुडघ्याएवढं ठेवून छाटा, घाबरू नका, बाजूने फुटतं.

पिठ्या ढेकूण एकदा आला होता, भिंतीकडच्या कोंदट बाजूला, तो पाण्याच्या जोरदार धारेने आणि ब्रशने गेला. औषध मारू नका, पान पोटात जाणार आहे. आणि नर्सरीतून तयार झाड आणलंत तर पहिली पानं वापरू नका, त्याच्यावर काय मारलंय आपल्याला सांगता येत नाही, मी सगळी पानं छाटून नव्या फुटीची वाट बघितली असती.

आता वापराकडे, कारण झाड लागल्यावर मला दुसरा अडथळा आला तो असा की पानातून रसच निघत नाही. मी मिक्सरमध्ये दहा-बारा पानं फिरवली, फडक्यातून पिळली, तर हिरवा चिकट चोथा आणि जेमतेम चार थेंब. पाणी घातलं तर तो रस नाही, पाणीच. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, कच्ची नाही वाटायची, आजी मोदकपात्रात ठेवायची ना!" अडुळशाच्या पानाला आधी उष्णता लागते. वैद्य याला पुटपाक म्हणतात, त्यात पानं कुटून गोळा करून, दुसऱ्या पानात गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजतात आणि मग पिळतात. घरी मोदकपात्र किंवा इडलीपात्र पुरतं. पानं धुवून, मधली जाड शीर काढून, आठ-दहा मिनिटं वाफवायची, रंग गडद होतो आणि पान लुळं पडतं, मग गरम असतानाच थोडी कुटून स्वच्छ फडक्यातून घट्ट पिळायची. तेवढ्याच पानांतून मला दोन-तीन चमचे दाट रस मिळाला. कोवळं शेंड्याचं पान आणि पिवळं पडलेलं पान दोन्ही नको, मधलं पूर्ण वाढलेलं घ्या.

रस गार झाला की तेवढाच मध. आमच्या वैद्यांनी आईला एक चहाचा चमचा रस, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस, असं सांगितलंय आणि आम्ही त्याच्या वर जात नाही. कडू इतका असतो की जास्त घ्यावा असं कोणाला वाटणार नाही, पण बरं वाटतंय म्हणून वाटीभर काढा पिणारे लोक मी बघितलेत, जास्त झालं तर उलट्या आणि जुलाब होतात. आईला काय फरक पडतो, तर कफ सुटतो. खोकला बंद होत नाही, तो ओला होतो आणि कफ बाहेर पडायला लागतो, मग झोप लागते. हे समजून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कफ जास्त पडतोय म्हणून लोक घाबरून थांबवतात. कोरड्या, घशात खवखवणाऱ्या खोकल्यावर आमच्याकडे ज्येष्ठमधाची काडीच जास्त उपयोगी पडते.

पानात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो, आणि मेडिकलमध्ये मिळणारं ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध याच घटकावरून तयार केलेलं आहे, अ‍ॅम्ब्रॉक्सॉल त्याच्याच पुढचं. म्हणून सिरपच्या बाटलीवर यातलं नाव असेल तर डॉक्टरांना न विचारता वर अडुळसा सुरू करू नका.

आणि हे नीट वाचा, गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही. याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. आमच्या वहिनीला सातव्या महिन्यात खोकला झाला तेव्हा शेजारच्या काकूंनी अगदी मायेने माझ्याच झाडाची पानं मागितली काढ्यासाठी, घरगुती आहे, काय होतंय, म्हणून. मी दिली नाहीत, त्यांना थोडा राग आला, पण नंतर वहिनीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घरगुती आहे म्हणून निर्धोक आहे असं समजू नका, जे झाड काम करतं ते शरीरावर परिणाम करतं म्हणूनच करतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच कारणाने नको, आणि लहान मुलांना अडुळसा वैद्य किंवा डॉक्टर सांगतील तरच.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर रस पाजत बसू नका, सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी फुकट होते, टीबी आहे का ते आधी बघून घ्या. कफात रक्त, धाप, छातीत दुखणं, रोज संध्याकाळचा ताप, यात तर दोन दिवसही थांबू नका. दम्याचा इन्हेलर चालू असेल तो चालूच राहतो. आणि सुकी पानं बिडीसारखी ओढायची जुनी पद्धत आहे ती कृपा करून कोणी करू नका, दमेकऱ्याच्या छातीत धूर घालण्यात काय फायदा.

सुकवण्याचं एक राहिलं. पावसाळ्यात सुकवायचा प्रयत्न केला तर बुरशी येते, दोनदा गेलं माझं. डिसेंबर-जानेवारीत, सावलीत, पंख्याखाली, सुपात एकेक पान सुटं पसरून, ढीग केला तर आतली पानं काळी पडतात. हाताने कुरकुरीत मोडलं की काचेच्या बरणीत. यातून रस अर्थात निघत नाही, काढ्यालाच, एक चमचा चुरा दोन कप पाण्यात एक कप होईपर्यंत, बरोबर सुंठ आणि दोन मिरी.

सध्या चार बाटल्या किचनच्या खिडकीत आहेत, मार्चमध्ये लावलेल्या. दोघींमध्ये मुळं दिसतायत, एकीत नुसती गाठ आहे आणि चौथीला कोंब मोठे आले होते म्हणून मी वरचे दोन खुडून टाकले, साठा वाचावा म्हणून. हा प्रयोग पहिल्यांदाच करतेय, जगली तर इथेच सांगेन.